गढूळ बंदरात बॅलास्ट घेताना

रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी, म्हणजे बॅलास्ट, भरतात; एका बंदरात घेतलेलं हे पाणी दुसरीकडे सोडलं की त्यातले जीवही तिथे पोचतात. ते रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅलास्ट पाणी कराराचा डी-२ निकष, म्हणजे सोडलेल्या पाण्यात किती जिवंत जीव चालतील याची मर्यादा, ८ सप्टेंबर २०२४ पासून जवळपास सगळ्याच आंतरराष्ट्रीय जहाजांना लागू झाला. सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी हवेत, आणि १० ते ५० मायक्रॉनमधले एका मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी. त्यासाठी जहाजावर पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसली, प्रमाणपत्र मिळालं. स्वच्छ समुद्रात ती चालतेही. खरी परीक्षा नदीच्या मुखावरच्या गाळाच्या बंदरात होते, आणि परके जीव उचलले जाण्याची शक्यताही अशाच ठिकाणी जास्त.

पहिला अडतो फिल्टर. जाळी साधारण ४० ते ५० मायक्रॉनची. गाळाने ती भरली की दोन बाजूंमधला दाबफरक वाढतो आणि बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने जाळी धुणं, सुरू होतो. गाळ फारच असेल तर बॅकवॉश थांबतच नाही, टाकीत जाणारा प्रवाह घटतो. तिकडे माल उतरवण्याचा वेग तोच, म्हणजे जहाज हलकं होत जातं आणि वाकण्याचा ताण मर्यादेकडे सरकतो. मग कोणीतरी बायपास व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे पाणी शुद्ध न होताच थेट टाकीत जातं.

फिल्टरनंतर जीव मारण्याचे दोन मुख्य प्रकार. यूव्ही (अतिनील किरणांच्या) यंत्रणेत प्रकाश गढूळ पाण्यातून आरपार जात नाही. तीव्रता खाली आली की यंत्रणा प्रवाह कमी करते किंवा अलार्म देते. विद्युत-क्लोरीनेशनची (खाऱ्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवण्याची) अडचण निराळी: पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, आणि नदीच्या गोड पाण्यात मीठच नसल्याने क्लोरीन तयारही होत नाही. अशा बंदरासाठी एखाद्या टाकीत, बहुधा आफ्टर पीकमध्ये (जहाजाच्या मागच्या टोकाच्या टाकीत), खारं पाणी आधीच भरून ठेवावं लागतं. क्लोरीन मोजणाऱ्या सेन्सरचं रसायन मुदतबाह्य झालेलं असणं हाही नेहमीचाच दोष. ते आधी तपासा, मगच यंत्रणेला नावं ठेवा.

त्यामुळे बर्थवर (धक्क्याला) लागण्याआधीच ठरवायचं: किती पाणी खरोखर लागणार, कोणत्या टाक्यांत. शक्य असेल तर भरतीच्या वेळी घ्यावं, ड्रेजिंग आणि सांडपाण्याच्या तोंडापासून दूर. रात्री बरेच प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वर येतात, म्हणून दिवसाचं पाणी बरं. पंप सुरुवातीपासूनच मंद चालवावा आणि माल उतरवण्याचा वेग त्याला जुळवून घ्यावा. घाटावरच्या माणसांना हे आवडत नाही, पण बायपासपेक्षा स्वस्त पडतं.

बायपास करावाच लागला तर बाधित टाक्या आणि पाइप अशुद्धच धरायचे. सुरू-बंद केल्याची वेळ, ठिकाण, टाक्यांची नावं, कारण, सगळं रेकॉर्ड बुकात. पुढे किनाऱ्यापासून निदान २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोलीवर (मार्गात तसं पाणी नसेल तर निदान ५० मैल, खोली तीच) ते पाणी बदलायचं आणि नवं पाणी यंत्रणेतून शुद्ध करून भरायचं. रिकामी करून भरण्याची पद्धत असेल तर तळाचं पाणी शक्य तितकं उपसा, नाहीतर जुने जीव नव्या पाण्यात राहतात. वाहत्या पद्धतीत, म्हणजे भरलेल्या टाकीत नवं पाणी ढकलून जुनं बाहेर काढताना, टाकीच्या तिप्पट पाणी ढकलायचं. प्रत्येक टप्प्याची स्थिरता आणि ताण आधी मोजायचे. खवळलेल्या समुद्रात अर्धवट भरलेली मोठी टाकी धोक्याची.

यूव्ही यंत्रणेत पाणी सोडतानाही दिव्यांतून न्यावं लागतं. म्हणून बल्कवाहू (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या) जहाजाच्या वरच्या टाक्या गुरुत्वाने थेट समुद्रात सोडणं चालत नाही. ही चूक फार सर्रास होते, कारण व्हॉल्व्ह तिथेच असतो आणि पंपाची गरज लागत नाही.

टाकीच्या तळाचा गाळही विसरू नये. त्यात काही शैवालांच्या सुप्त पेशी बराच काळ तग धरतात. तो ड्राय डॉकमध्ये काढून किनाऱ्यावरच्या व्यवस्थेकडेच द्यायचा.

बॅलास्ट निर्दोष असलं तरी जहाजाचं अंग उरतंच; त्याला चिकटूनही परके जीव प्रवास करतात. १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या नौकाबंदरांत काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला, तेव्हा संशय छोट्या नौकांच्या तळावर होता. मोठ्या जहाजावर सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कप्प्याच्या) जाळ्या, बो थ्रस्टरचा (पुढच्या टोकाला आडवं ढकलणाऱ्या पंख्याचा) बोगदा आणि रडरच्या (सुकाणूच्या) सांध्यांजवळ शिंपले जमतात. ड्राय डॉकमध्ये आधाराच्या ठोकळ्यांखालचा भाग रंगाविना राहतो, तिथेही. पुढच्या डॉकिंगला ठोकळ्यांच्या जागा बदलायला लावा आणि आधीच्या जागांची नोंद जैवआवरण (अंगावर चिकटणाऱ्या जीवांच्या) नियोजन पुस्तिकेत ठेवा.