आजीशिवायची पहिली आगोट

आज आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, आमसुलांना रसाचं शेवटचं पुट दिलं. काकू म्हणतेय अजून दोन कडक उन्हं मिळाली की डब्यात भरू, पण संध्याकाळ झाली की रोज आभाळ भरून येतं त्यामुळे दुपारभर आम्ही खळ्यातच आहोत. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसात मीठ किती ते आजी चाखून सांगायची, यंदा अंदाजाने घातलंय. आजी चैत्रात गेली.

समाचाराला आलेला जो तो म्हणाला, भाग्यवान बाई, पतवंडं बघून गेली, सोनं झालं. खरंच आहे ते, पण मला तेवढ्याने पुरत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

तिचं नक्की वय कोणालाच माहीत नव्हतं. आधारवर 1 जानेवारी 1932 आहे, ती तारीख बाबांनी अंदाजाने घातलेली. तिचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. रामदास बोट बुडाली त्या सालच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, म्हणजे 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास 17 जुलैला गटारीच्या अमावास्येला काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या माहेरचं किंवा सासरचं त्यात कोणी नव्हतं, पण नवरा मुंबईला गिरणीत आणि ती इथे कोकणात हर्णैजवळ नव्या घरात, पंधरा-सोळा वर्षांची पोर, बातमी धड कळेना, मुंबईच्या बाजूला बोट बुडाली एवढंच कोणीतरी बाजारातून ऐकून आलेलं. आजोबांचं पत्र येईपर्यंत आपण जेवलो की नाही तेसुद्धा आठवत नाही म्हणायची.

तेव्हा आमच्या बाजूला जाणं-येणं बोटीनेच. पावसाळ्यात बोट बंद. एरवी हर्णैला बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि मग पडावातून माणसं किनाऱ्यावर, शेवटचं थोडं पाण्यातून चालत. आजोबा मेमध्ये आले की ती मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि परत निघाले की नारळ, आमसुलं, फणसाची साठं, कुळथाचं पीठ सगळं बांधून द्यायची. मुंबईच्या खोलीवर गावची बारा-पंधरा माणसं एकत्र, त्यामुळे एकट्या आजोबांपुरतं बांधून भागायचंच नाही.

आमच्या घरात मुंबईला गेलेल्यांचं कौतुक फार. मनीऑर्डर यायची म्हणून घर चाललं असं ऐकतच आम्ही मोठे झालो. मनीऑर्डर यायची हे खरं, पण पोस्टमनने पैसे हातावर ठेवल्यापासून पुढची येईपर्यंत सगळं आजी बघायची, वाडीचं शिंपणं, भाताची लावणी, सासूचं आजारपण, पाच मुलं, दुकानाची उधारी. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा फळीवरची भांडी खाली आली, धाकटे काका तान्हे होते, तर तिने सगळ्या मुलांना ओढत खळ्यात आणलं, सासूला पाठीवर घेतलं आणि उजाडेपर्यंत थंडीत सगळ्यांना एका घोंगडीत घेऊन बसली. आजोबांना हे सगळं पत्रातून कळलं.

आणि मग 1982. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. आज मिटेल उद्या मिटेल करत आजोबा काही महिने खोलीवर राहिले आणि मग पेटी घेऊन घरी आले ते कायमचेच. ओटीवर बसून असायचे, बोलायचे नाहीत. मनीऑर्डर बंद. बाबा सांगतात की त्या वर्षी आजीने दुप्पट आमसुलं घातली. दुसऱ्यांच्या झाडाखालचे रतांबे अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, आणून फोडले, बियांचं कोकमतेल काढलं, आंबोशी केली, आणि हे सगळं डोक्यावर घेऊन दापोलीच्या बाजारात विकायला बसली. धाकट्या काकांची आणि आत्याची शाळा सुटली नाही ती त्या टोपलीवर. तेव्हा तिचं वय पन्नास. हे मला कोणीतरी लहानपणी सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

नंतरचं बरंच सोपं गेलं, घरात वीज आली, नळ आला, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आम्ही खेडला उतरून येऊ लागलो. आजोबा त्याआधीच गेलेले.

मग 3 जून 2020, निसर्ग वादळ. आजी नव्वदीला टेकलेली. काका-काकू आणि ती माजघरात बसून, वरची कौलं उडतायत, बाहेर माड मोडल्याचे आवाज. आम्ही लॉकडाऊनमध्ये मुंबईत अडकलेले, फोन लागेना, वीज तर पुढे कित्येक दिवस नव्हती. वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या. तिच्या सासऱ्याने लावलेल्या, काही तिने स्वतः लावलेल्या. काका पार खचले होते, वाडी विकून टाकू म्हणाले. आजीने दापोलीला कृषी विद्यापीठाच्या नर्सरीतून सुपारीची रोपं आणायला लावली. पण त्याआधी केळी लावून घेतल्या, कारण मोठी झाडं गेल्यामुळे सावलीच उरली नव्हती. "पोफळीच्या पोराला ऊन सोसत नाय" म्हणायची. मी फोनवर म्हटलं, आजी, सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात ना गं? तर म्हणाली, "मग आज नको लावायला? तुमी मंबईत, मी नाय लावायची तं कोन लावनार?" मग काठी टेकत, काकूच्या हाताला धरून, प्रत्येक खड्डा स्वतः बघून घेतला.

काल वाडीत जाऊन आले. केळी दाट झाल्यात, रोपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत, एक-दोन पोफळींना फुलोरा दिसतोय. काकांनी परत विकायचा विषय काढला, गुडघे दुखतात त्यांचे, शिंपणं एकट्याने होत नाही, त्यात त्यांची काही चूक नाही. रात्री जेवताना मी सांगून टाकलं, पंपाचं बिल आणि गड्याची मजुरी दर महिन्याला मी पाठवेन, वाडी विकायची नाही. बाबा हो म्हणाले. पावसाआधी दोन पोफळींना आधाराचे बांबू लागतील, ते उद्या आणायचेत.