घाणा ९ ते १४: ओढलेली पेपरमिंट आणि गोळीवाले आजोबा

आठवा घाणा पातेल्यातच बसला. पाक उतरवल्यावर एकदा ढवळायचा मोह आवरला नाही, आणि बघता बघता सगळा ऐवज पांढरा, रवाळ, ठिसूळ झाला. उलथन्याने खरवडला, डब्यात भरला आणि पुढे साखर म्हणूनच संपवला. त्यानंतर सहा घाणे काढले. दोन वाया गेले, तीन खाण्यालायक झाले आणि एक असा निघाला की तो तोंडात टाकून मी ओट्याला टेकून उभाच राहिलो. ही नोंद खरं तर त्या एकासाठी आहे, पण बाकीचे पाच वगळले तर तो कळणार नाही.

मला करायची आहे ती ओढलेली पेपरमिंट. साच्यात ओतलेली, आरपार दिसणारी गोळी नाही. गरम पाकाचा गोळा आकड्यावर टाकून ओढत ओढत पांढरा करतात, मग त्याची वळी करून कात्रीने तुकडे पाडतात, ती. लहानपणी ती आम्हाला गोळीवाले आजोबा द्यायचे. त्यांचं नाव कधी कळलं नाही. विचारावं असं तेव्हा वाटलंही नाही.

आठवतो तो भिंतीतला अंगठ्याएवढा जाड लोखंडी आकडा. त्यावर ते मधाच्या रंगाचा गोळा फेकायचे, तो आपल्या वजनाने खाली लोंबायला लागायचा आणि जमिनीपासून वीतभर उरला की खालच्या खाली झेलून पुन्हा वर. फट्. पुन्हा लोंबला, पुन्हा वर. फट्. आम्ही पोरं मोजायचो, पण रंग बदलायला लागला की मोजणं विसरायचो. मधाचा रंग आधी रेशमासारखा चमकायचा, मग मोत्यासारखा व्हायचा, मग दुधासारखा.

त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. काडी पाकात बुडवून ती गार पाण्याच्या वाटीत धरायचे, काडीवरचा तार कानाजवळ नेऊन मोडायचे. "टुक म्हणाला तर थांबायचं, टक म्हणाला तर उतरवायचं." मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. आज थर्मामीटर हातात असूनही मी काडी बुडवतोच, आणि आता फरक ऐकू येतो. १४० अंशांचा तार आधी किंचित वाकतो आणि मग मोडतो, तो टुक. १५०चा वाकतच नाही.

घाणा ९. ५०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १५० मिली पाणी. एकतारी, गोळीबंद वगैरे पाक आपल्याला हाताला माहीत असतात; ते साधारण १०५ ते १२० अंशांच्या आसपास आटोपतात. गोळीला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं, १४९ ते १५४पर्यंत. पाक उकळतो तेव्हा तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरलंय याचा हिशोब असतो. १५०ला जेमतेम एक-दोन टक्के उरतं. म्हणून १४२ला उतरवलेली गोळी वरून कडक वाटली तरी दाताला चिकटते, आणि माझा नववा घाणा नेमका तसा निघाला. थर्मामीटर तर १५१ दाखवत होता! शेवटी तो उकळत्या पाण्यात धरला, तर काटा १०४वर. म्हणजे चार अंशांची थाप. तेव्हापासून दर वेळी आधी उकळतं पाणी मोजतो आणि जो फरक येईल तो पाकाच्या आकड्याला लावतो. उंचावर राहणाऱ्यांनाही हीच युक्ती चालते: दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, आणि पाकही तेवढाच आधी. नेम धरून तापमान दाखवणारं पिस्तूल मात्र पाकावर वापरू नका, चकचकीत आणि वाफाळत्या पृष्ठभागावर ते काहीही सांगतं. १५१ आणि १४२मधले उरलेले पाच अंश बहुधा माझ्या घाईचे. थर्मामीटरची सळई पातेल्याच्या तळाला टेकली होती.

घाणा १०. पाक उत्तम. उतरवल्या उतरवल्या पेपरमिंटचं तेल पातेल्यात घातलं. दीडशे अंशांवर त्या तेलाचं काय होतं ते सांगायला नको. खिडकी गाठेपर्यंत डोळ्यांतून धारा, आणि गोळीत मिंटचा मागमूस नाही, सगळं हवेत. आता पाक आधी तेल लावलेल्या सिलिकॉनच्या चटईवर ओततो, कडा आत दुमडत राहतो, आणि गोळा हातात घेण्याइतका घट्ट झाला की मधे खळगा करून दोन मिली तेल त्यात घालून मिटवतो. पुरण भरावं तसं.

घाणा ११. हा दिसायला पहिल्या नंबरचा. ओढायचं तंत्र मला इथे सापडलं, म्हणून जरा थांबून सांगतो.

गोळा फार गरम असताना ओढला तर धार लागून खाली येतो, थंड झाला तर तडकतो. मधली वेळ माझ्याकडे जेमतेम आठ-दहा मिनिटांची असते. सळई खुपसून पाहिली तर ती ८० अंशांच्या आगेमागे पडते. हातात आधी सुती मोजे, वरून जाड रबरी. (तरीही वाहत्या गार पाण्याचा नळ हाताशी हवा. पाक कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा त्याचा चटका वाईट. लागलाच तर हात वीस मिनिटं नळाखाली.) दर वेळी ओढून दुमडलं की थर दुप्पट होतात. २, ४, ८, १६ असं करत वीस दुमडींना ते दहा लाखांच्या वर जातात. अर्थात ते शेवटपर्यंत वेगळे राहत नाहीत, पण प्रत्येक दुमडीत थोडी हवा अडकते आणि तिचे बुडबुडे ओढून ओढून केसासारखे लांब आणि बारीक होतात. उजेड त्यांच्यावर विखुरतो म्हणून गोळी पांढरी दिसते. रंग काही घातलेला नसतो. गंमत म्हणजे गोळी ओढणाऱ्या यंत्रांचा गणितज्ञांनी गांभीर्याने अभ्यास केलाय. त्या फिरत्या दांड्यांच्या नेहमीच्या रचनेत एका फेरीत गोळा साधारण ५.८३ पट ताणला जातो. आपण दोन हातांनी दुप्पट करतो आणि दंड भरून येतात.

कापायचं कसब आजोबांचंच. वळीला प्रत्येक कापाआधी पाव वळसा द्यायचा. त्यामुळे एका टोकाची चीर आडवी आणि दुसऱ्या टोकाची उभी येते, आणि तुकडा उशीसारखा फुगीर होतो. कचक, वळसा, कचक, वळसा. ते हे न बघता करायचे, बोलत बोलत. शेवटी उरलेला चुरा कागदाच्या पुडीत आम्हाला.

तर अकरावा घाणा पांढराशुभ्र, उशीच्या आकाराचा, मिंट बेताचं. तोंडात टाकला आणि लक्षात आलं की ही ती नाही. ही काच होती. दातांवर आपटत होती, चघळून चघळून कडा धारदार होत होत्या. आजोबांची गोळी तोंडात गेल्यावर थोडा वेळ कडक राहायची आणि मग जिभेखाली भुसभुशीत होऊन विरघळायची. साहित्य तेच, कृती तीच, मग माझं काय चुकत होतं?

घाणा १२ याच विचारात गेला. म्हणजे खरोखर गेला: न्हाणीघरातला टॉवेलचा हुक मी भिंतीत ठोकला होता, तो सातव्या ओढीला गिलाव्यासकट निघून आला. वाळूचे कण असलेली पेपरमिंट कुणाला हवी असेल तर सांगा. आता आकडा लाकडी फळीवर आरपार बोल्टने बसवलाय.

याच दिवसांत आमालिया एरिक्सन पुन्हा आठवल्या. ओढलेल्या पेपरमिंटचा नाद असलेल्या माणसाला त्यांचं नाव ठाऊक हवं. स्वीडनमधल्या यन्शपिंग गावात १८२४ साली जन्म, पुढे वेटर्न तळ्याकाठच्या ग्रेन्ना गावी संसार. नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. तेव्हा बाईला धंदा करायचा तर परवानगी लागायची. ती त्यांनी १८५९ साली मिळवली आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची कांडी विकायला लागल्या. ‘पोल्काग्रिस’ म्हणतात तिला. १९२३ साली त्या वारल्या, पण ग्रेन्ना आजही त्या कांडीच्या नावानेच ओळखलं जातं आणि तिथे ती अजून हाताने ओढतात. त्या कांडीची जुनी कृती म्हणजे साखर, पाणी, थोडासा व्हिनेगर आणि पेपरमिंटचं तेल. लिक्विड ग्लुकोजचं नाव नाही.

आणि तिथेच डोक्यात उजेड पडला. ग्लुकोज काय करतो, तर साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाही. माझा आठवा घाणा बसला म्हणून मी घाबरून १५० ग्रॅम ओतत होतो. व्हिनेगर तेच काम वेगळ्या वाटेने करतो: आम्लामुळे उकळताना थोड्या साखरेची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि तेवढं पाक सांभाळायला पुरतं. पण ते थोडंच असतं. गोळी बनते तेव्हा काच असते, पण ती काच कच्ची. हवेतली ओल लागली की वरून कणी धरायला सुरुवात होते आणि दिवसागणिक ती आत शिरते. हाच तो भुसभुशीतपणा. म्हणजे आजोबांची गोळी मुळात तशी नव्हती. बरणीत बसून बसून तशी व्हायची! आणि त्यांच्या बरणीचं झाकण कधी नीट लागलेलं मी पाहिलं नाही.

घाणा १३. ५०० ग्रॅम साखर, १७० मिली पाणी, व्हिनेगर एक चमचा. ग्लुकोज शून्य. पातेल्याच्या कडांना चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसत राहायचं आणि उकळी आल्यावर चमचा लावायचाच नाही, नाहीतर आठव्याची पुनरावृत्ती. १५०ला उतरवला. ओढताना हा पाक जास्त तापट, तडकायची घाई फार. निम्म्या गोळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत, निम्म्या वर नुसतं फडकं टाकून. हवा दमट होती, घरातला आर्द्रतामापक ६८ टक्के दाखवत होता. दुसऱ्या दिवशी फडक्याखालच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या. वाईट वाटलं, पण फेकल्या नाहीत. पाचव्या दिवशी चिकटपणा गेला होता आणि वर पिठासारखी साय आली होती. दाताखाली धरली तर कवच मऊ, आतला गाभा अजून काचच.

घाणा १४. कृती तीच, फक्त शेवटच्या पाच-सहा ओढींना एक मोठा चमचा पिठीसाखर गोळ्यावर भुरभुरवली. साखरेला कणी धरायला बी मिळालं की ती आतूनही धरते. गोळ्या एकमेकींना न लागता ताटात पसरल्या, वर फडकं. आठव्या दिवशी एक उचलली. आधी कडक. मग जिभेने दाबल्यावर ती आवाज न करता ढासळली, आणि मिंट उशिरा, मागून आलं. ओट्याला टेकून उभा राहिलो तो हा घाणा.

पुडी करून ताईकडे गेलो. चुऱ्यासाठी माझ्याआधी हात पुढे करायची ती ताईच. तिने एक गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही.

"हीच," ती म्हणाली. मग पुडीत बघून, "पण लाल पट्टी कुठाय?"

"पट्टी नव्हती गं. पांढरीच होती."

"वेडा आहेस का? लाल पट्टी असायची. तू चाटून चाटून काढायचास ती."

अर्धा तास वाद झाला, निकाल लागला नाही. पंधराव्या घाण्यात अर्धा गोळा न ओढता लाल रंगवून त्याच्या सळ्या पांढऱ्यावर बसवायच्या आहेत. न ओढलेला भाग गरम राहील असा दिवा लागेल, त्याची सोय बघतोय.