लोकल एसएमपीएस ते ब्रॉन्झ: महिन्याला चार युनिटांचा हिशेब

मशीन: कॉम्प्युटर, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जागा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, टिनाच्या छताची खोली. वापर रोज १० तास. त्यातले ८ तास हलकं काम, २ तास रेंडरिंग. कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा लोकल एसएमपीएस (घरची लाइन कॉम्प्युटरच्या डीसीत बदलणारा डबा) काढून त्याच वॉटचा ८० प्लस ब्रॉन्झ बसवला. ८० प्लस म्हणजे कमी वीज वाया घालवण्याचा बिल्ला; ब्रॉन्झच्या वर गोल्ड, त्याच्याही वर टायटॅनियम. हिशेब फक्त सीपीयूच्या डब्याचा आहे, मॉनिटर वेगळा.

मोजणी

वॉटमीटर नसला तरी अडत नाही. घरच्या मीटरवर ३२०० इम्प लिहिलेलं असेल, तर ३२०० वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिजचा प्लगही काढायचा. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकी मोजायच्या आणि ११,२५० ला आलेल्या सेकंदांनी भागायचं, की वॉट मिळतात. पहिली लुकलुक शून्य धरायची, नाहीतर नऊच मोजल्या जातात आणि उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं. दोन-तीन वॉटच्या लोडवर मीटरचा भरवसा नाही, तिथे प्लगमधला वॉटमीटरच लागतो.

क्लॅम्प मीटरचे अँपिअर गुणिले २३० करू नका. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या लोकल एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर, ०.६ च्या आसपास असतो, म्हणून ४५ वॉटचं मशीन ७५ वॉटचं दिसतं. घरगुती बिल किलोवॉट-तासावर येतं, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टरने बिल वाढत नाही. वायर आणि इन्व्हर्टरवर भार मात्र पडतो.

आलेले आकडे असे. हलक्या कामाला लोकल ४५ वॉट, म्हणजे दहा लुकलुकींना २५० सेकंद. ब्रॉन्झ ३४ वॉट. पूर्ण लोडवर लोकल १३२, ब्रॉन्झ ११०. दिवसाला ८ गुणिले ११ अधिक २ गुणिले २२, म्हणजे १३२ वॉट-तास वाचले. महिन्याला जवळपास ४ युनिटं.

रुपयांत

वाचलेलं युनिट सरासरी दराने धरू नका. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि वाचलेलं युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. कूलर लागला की तोच एसएमपीएस जास्त पैसे वाचवायला लागतो, तो यामुळे. बिलावरचा त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा, तिला १.१६ ने गुणा, कारण वीज शुल्क १६ टक्के. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो वाचत नाही. सोप्या हिशेबाला १० रुपये युनिट धरलं तर महिन्याला ४० आणि वर्षाला पावणेपाचशे रुपये होतात.

ब्रॉन्झऐवजी गोल्ड घेतला असता तर? याच लोडवर हलक्या कामाला आणखी दोन वॉट वाचले असते, भारी कामाला चार. महिन्याला पाऊण युनिटही नाही, वर्षाला ८५ ते ९० रुपये. किमतीतला फरक दोन हजार असेल तर तो वसूल व्हायला बावीस-तेवीस वर्षं लागतील. याला कारण आहे. ८० प्लसची कसोटी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते. घरगुती कॉम्प्युटरच्या बिल्ल्यांत १० टक्क्यांची अट फक्त टायटॅनियमला आहे. आपलं मशीन दिवसातले आठ तास सहा-सात टक्के लोडवर चालतं, आणि तिथे बिल्ल्याचा रंग काहीच सांगत नाही. ७५० वॉटचा 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून घेतलात तर हा टक्का आणखी खाली जातो. मोठं ग्राफिक्स कार्ड रोज आठ तास ३०० वॉट ओढत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गोल्ड महिन्याला साडेतीन युनिटं वाचवतो आणि चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात.

गोल्डपेक्षा जास्त बचत भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणात आहे. शटडाउन केलेलं मशीनही चारेक वॉट ओढत राहतं, १४ तासांचे महिन्याला १.७ युनिट. रोज बटण बंद केल्याने मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल जरा लवकर संपतो, एवढंच.

व्होल्टेज

ब्रॉन्झ घेण्याचं खरं कारण इथे आहे. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत डीपीवरचे (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) पंप सुरू झाले की १७०-१७५ व्होल्ट येतात. ॲक्टिव्ह पीएफसी असलेला फुल रेंज एसएमपीएस, म्हणजे ज्यावर १००-२४० लिहिलंय तो, यावर निवांत चालतो. लोकल एसएमपीएसवर मशीन रिस्टार्ट होतं.

त्यावर काही जण मागचं लाल बटण ११५ वर सरकवतात. हे कधीच करू नका. ११५ वर आतली जोडणी व्होल्टेज दुप्पट करते. पंप बंद होऊन लाइन २३० वर आली की कपॅसिटरवर साडेसहाशे व्होल्ट जातात, आणि ते फुटतात.

फुल रेंज असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर नको; त्याचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच वीज खातो. मात्र न्यूट्रल तुटला तर ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर मेनवर हवाच.

इन्व्हर्टर

१२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. निम्मेच काढायचे आणि इन्व्हर्टरमध्ये वीसेक टक्के जातात असं धरलं तर हाती ७२० उरतात. २० वॉटच्या मॉनिटरसह हलकं काम लोकलवर ११ तास चालेल, ब्रॉन्झवर १३.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस गुणगुणतात किंवा सरळ बंद पडतात, म्हणून प्युअर साइन वेव्हच घ्या. मागचा मोड स्विचही तपासा. यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टखाली लाइन सोडून बॅटरीवर जातो. संध्याकाळी १७५ व्होल्ट असले की घरात लाइन असते आणि बॅटरी मात्र उतरत असते. नॉर्मल मोडमध्ये बदल संथ होतो, पण ४५० वॉटच्या एसएमपीएसवर शंभर वॉटचा लोड असेल तर तो बहुधा तग धरतो. एखादी फाइल सेव्ह करून मेन बंद करून पाहा.

कापूस आणि मे

वेचणीनंतर त्याच घरात कापूस भरलेला असतो. त्याचे तंतू एसएमपीएसच्या जाळीवर बसतात आणि पंधरवड्यात नमद्यासारखा करडा थर होतो, नखाने अख्खा सोलून निघतो. पंखा बाहेरूनच साफ करा: जाळीतून आइसक्रीमची काडी घालून पातं धरा, मग ब्लोअर मारा. पातं मोकळं फिरलं तर बेअरिंग जातं. एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट राहू शकतात.

८० प्लसची चाचणी २३ अंशांवर होते, आपल्या टिनाखाली मे महिन्यात ४० च्या वर असतं. म्हणून घेताना पूर्ण वॉट ४० की ५० अंशांवर दिलेत ते पाहा.

पुढची मोजणी मेच्या दुपारी तीन वाजता, याच लोडवर, १३२ आणि ११० च्या समोर मांडायला.