मॅकडफ करताना

गंगेकाठी, म्हणजे नाशकात गोदावरीच्या काठी, शेक्सपिअर म्हटलं की तात्यासाहेब शिरवाडकर आठवतात. ‘मॅकबेथ’वरून त्यांनी केलेलं ‘राजमुकुट’ १९५४ सालचं. नाशकात आज कुणी ‘मॅकबेथ’ तालमीला घेतलं, तर मॅकडफ, म्हणजे शेवटी मॅकबेथला मारणारा सरदार, करणाऱ्या नटाचं लक्ष आधी शेवटच्या लढाईकडे जातं. भूमिका मात्र उभी राहते चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात.

हा नाटकातला सर्वांत लांब प्रवेश, त्यामुळे कात्री पहिली इथेच लागते. खून झालेल्या राजाचा मुलगा माल्कम स्वतःला खोटंच दुर्गुणी म्हणवून मॅकडफची परीक्षा घेतो, तो भाग उडवतात. मग मॅकडफचं देशासाठी तुटणं दिसतच नाही आणि सरदार रॉस मॅकडफच्या बायकोमुलांच्या हत्येची बातमी घेऊन येतो तेव्हा त्याचं दुःख अधांतरी राहतं. त्याआधीचा त्याच्या बायकोमुलांचा प्रवेशही कापू नये. आपल्याला असं सोडून गेला म्हणून ती त्याच्यावर चिडलेली असते. ते प्रेक्षकांनी ऐकलेलं असेल, तरच पुढे त्याचं स्वतःला दोष देणं काळजात घुसतं.

बातमी ऐकल्यावर रडू नये. माल्कम त्याला टोपी कपाळावर ओढू नकोस म्हणतो, म्हणजे काय करायचं ते संहितेतच आहे: तोंड झाकायचं, गप्प राहायचं. मग तो पुन्हापुन्हा विचारतो, मुलंसुद्धा? बायकोसुद्धा? सगळी? बहुतेक नट प्रत्येक प्रश्नाला आवाज चढवतात आणि तिसऱ्यापर्यंत सगळं संपवून बसतात. आवाज उतरवत न्या. मर्दासारखं सोस, असं माल्कम सांगतो, तेव्हा आधी माणसासारखं वाटू तर दे, हे मॅकडफचं उत्तर घाई न करता यावं. माझ्या मते अख्ख्या भूमिकेचा जीव या एका वाक्यात आहे.

बाईच्या पोटी जन्मलेला कुणी आपल्याला मारू शकणार नाही, या भाकितावर मॅकबेथ विसंबलेला असतो. शेवटची लढाई मध्येच थांबते, कारण आईचं पोट चिरून आपल्याला वेळेआधी काढलं हे मॅकडफला त्याला सांगायचं असतं. म्हणून आधी चार-पाचच वार ठेवा. दम लागला की नेमकं तेच वाक्य गिळलं जातं. वार आकडे मोजत, निम्म्या वेगानं बसवा. तलवारी बोथट हव्यात आणि टोक कधीही चेहऱ्याच्या उंचीला येऊ नये.

१६२३च्या छापील प्रतीत मॅकबेथ रंगमंचावरच मरतो आणि थोड्याच वेळात मॅकडफ त्याचं शीर घेऊन प्रवेश करतो. मग धड कुठे गेलं? शेवटचा वार विंगेत घेतला की हा पेच सुटतो. शीर कागदाच्या लगद्याचं असलं तरी कापडात गुंडाळूनच आणा. उघडं दिसलं की मागच्या रांगेतून हसू येतं.