तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवालीच्या कानात एंजल डस्ट

गणपतीत इथे जर्मनीत, डॉर्टमुंडला आम्ही पाच-सहा मराठी घरं जमून आरत्या करतो. पेटी माझी असते. गेल्या वर्षी मंत्रपुष्पांजली झाली, मी भात्याची कडी लावत होते, तेवढ्यात प्रसादाच्या वेळी भजनं लावू या म्हणून कुणीतरी स्पीकर चालू केला. सकाळी त्याच घरी पताका लावताना मी माझा फोन त्याला जोडला होता. स्पीकरने इमानेइतबारे तोच फोन शोधला आणि सकाळी थांबलं होतं तिथूनच एंजल डस्ट या इथल्या मेटल बँडचं, म्हणजे जड गिटारच्या दणदणीत रॉकचं, गाणं पुढे सुरू केलं. सात-आठ सेकंद मोदक हातात धरून सगळे बघत राहिले. आयुष्यभर ढोल-ताशा ऐकलेली माणसं ही, पण हे प्रकरण निराळं होतं.

मी धावत जाऊन बंद केलं. यजमानीण काकू म्हणाल्या, "अगं, हात एवढा गोड तुझा, आणि ऐकतेस हे?"

हा प्रश्न मला मिरजेच्या घरीही विचारला जातो. मावशीने बँडचं नाव ऐकलं आणि 'एंजल' म्हणजे चर्चमधली गाणी असतील असं ठरवून टाकलं. मीही तिला दुरुस्त केलं नाही, कारण एंजल डस्ट हे एका अमली पदार्थाचं बोलीभाषेतलं नाव आहे, आणि ते तिला फोनवर कोण समजावून सांगणार. ऑफिसात मात्र प्रश्न उलटा येतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस पंधराव्या वर्षापासून मेटल ऐकतो. तो विचारतो, "रूरमध्ये राहतेस, हाताशी क्रिएटर आहे, सोडोम आहे, आणि तू या कीबोर्डवाल्यांना धरून बसलीस?" (रूर म्हणजे डॉर्टमुंडच्या आसपासचा खाणी-कारखान्यांचा पट्टा, आणि क्रिएटर, सोडोम हे इथलेच कडक मेटल बँड.) म्हणजे काकूंना ते फार कडू आणि याला फार गोड. या दोघांच्या मधेच माझं उत्तर आहे.

आधी गाव सांगते. डॉर्टमुंड म्हटलं की आपल्याकडे हल्ली फुटबॉल आठवतो. पण हे गाव कोळसा, पोलाद आणि बिअर या तिघांवर उभं राहिलेलं. मी राहते त्या ह्योर्डे भागात आता एक मोठं तळं आहे, कडेने महागडी घरं, बदकं, आइस्क्रीम. त्या तळ्याच्या जागी पोलादाचा कारखाना होता. २००१ मध्ये तो बंद झाला, चीनहून कामगार आले, त्यांनी तो सुटा करून बोटीने चीनला नेला, आणि उरलेल्या खड्ड्यात २०१० पासून पाणी सोडलं. माझ्या इमारतीतले एक आजोबा तिथे भट्टीवर होते. त्यांना अजून जिन्यात हळू बोलता येत नाही.

ऐंशीच्या दशकात रूरच्या या पट्ट्यातल्या पोरांनी जे संगीत केलं ते थ्रॅश, मेटलचाच एक प्रकार. एसेनमध्ये क्रिएटर, गेल्सनकिर्शेनमध्ये सोडोम. सोडोमचा गायक टॉम एंजलरिपर स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला. वेग प्रचंड, गाणं म्हणजे अर्धं ओरडणं, आणि गोडव्याचा तर रागच. एंजल डस्ट याच वाफेतला बँड, डॉर्टमुंडचा, १९८४ चा. १९८६ मध्ये 'इन्टू द डार्क पास्ट' आणि १९८८ मध्ये 'टू डस्ट यू विल डिके' असे दोन अल्बम त्यांनी काढले. तेव्हा कीबोर्ड वगैरे भानगड नव्हती. पुढे बँड फुटला. अशा गोष्टी सहसा इथेच संपतात.

पण हे दहा वर्षांनी परत आले. १९९८ मध्ये 'बॉर्डर ऑफ रिअ‍ॅलिटी', डॉर्टमुंडच्याच सेंच्युरी मीडिया कंपनीकडून. जुन्यांपैकी बास वाजवणारा फ्रँक बँक्स आणि ड्रमवरचा डर्क आसमुथ तेवढे होते. गिटारला बर्न्ड आउफरमान, गायला डर्क थुरिश, आणि कीबोर्डवर स्टीव्हन बँक्स. पाया जुना ठेवून वरचे मजले नवे बांधावेत तसं. पायाचे दोघं थ्रॅशमध्येच मुरलेले, त्यामुळे वर कितीही सुरेल घडलं तरी खालून धक्के तेच बसतात. पुढच्याच वर्षी 'ब्लीड', २००० मध्ये 'एनलायटन द डार्कनेस', २००२ मध्ये 'ऑफ ह्यूमन बॉन्डेज'. हे चार अल्बम म्हणजे माझं एंजल डस्ट. 'ब्लीड'ची सीडी मला इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात तीन युरोंना मिळाली. डबीचं बिजागर तुटलेलं, आतल्या कागदावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ. विकणारी बाई म्हणाली मुलाची आहे, तो आता म्युनिकला असतो, ऐकत नाही. मी घेतली ती नाव ओळखीचं वाटलं म्हणून. खरं तर फेथ नो मोअर या दुसऱ्याच बँडच्या एका अल्बमचं नावही एंजल डस्ट आहे, आणि मी या दोन गोष्टींत घोळ घातला होता.

घरी येऊन लावली आणि पहिल्यांदा माझा कान गिटारकडे गेलाच नाही. मागे कुणीतरी सूर धरून ठेवला होता, तिकडे गेला.

आता इथे जरा थांबावं लागेल, कारण काकूंना द्यायचं उत्तर इथे आहे. थ्रॅशमध्ये गिटार वाजवणारा उजव्या तळव्याची करंगळीकडची कड घोडीजवळ तारांवर टेकवतो आणि तसाच छेडत राहतो. तार वाजते, पण गुंजत नाही. 'टंऽऽ' असा लांबणारा आवाज निघायच्या जागी 'डुग' असा तुकडा पडतो आणि मरतो. असे तुकडे सेकंदाला दहा-बारा पडले की ती घोड्यांच्या टापांसारखी चाल तयार होते. कानाला वाटतं की सगळी जागा भरलेली आहे, बोट शिरवायलाही फट नाही. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्यानंतर एक बारीकशी पोकळी असते. शेकडो पोकळ्या. कीबोर्डचा सूर तोडावा लागत नाही. पट्टी दाबून ठेवली की तो चालू राहतो. मग तो त्या सगळ्या फटींतून सलग दिसत राहतो. धावत्या लोकलमधून शेजारच्या रुळावरच्या मालगाडीच्या डब्यांमधल्या फटींतून पलीकडची खाडी दिसते ना, तसा.

आणि हे काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. आमच्या भजनी मंडळात पखवाज आणि टाळ सुटले की माझ्याकडून एवढीच अपेक्षा असायची की सूर सोडू नकोस. लय कितीही चढू दे, गाणारी आजी कुठेही जाऊ दे, काळी चारचा षड्ज मागे हलता कामा नये. पेटीवर कसब दाखवायला लागले की गुरुजी नुसते बघायचे. तेवढं पुरे व्हायचं.

बहुतेक पॉवर मेटलमध्ये कीबोर्ड हे काम करत नाही, हेही सांगायला हवं. पॉवर मेटल म्हणजे हॅम्बुर्गच्या हेलोवीनने १९८७ च्या आसपास जो रस्ता आखून दिला तो: वेग थ्रॅशएवढाच, पण वर उंच पट्टीतलं गाणं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद, लढाया, ड्रॅगन, गरुड. १९९७ मध्ये स्वीडनच्या हॅमरफॉलचा पहिला अल्बम आला आणि जर्मनीत हा माल पुन्हा जोरात चालायला लागला. त्या लाटेतल्या पुष्कळ बँडांत कीबोर्ड लग्नाच्या केकवरच्या क्रीमसारखा असतो. काढून टाकला तर खाली केक तसाच. मला त्याचा कंटाळा येतो. एंजल डस्टमधून स्टीव्हन बँक्सला काढून बघा (मनातल्या मनात, ऐकताना जमतं), उरलेलं गाणं एकदम रागीट आणि कोरडं होतं. तो दुःख पुरवतो. थुरिशचा आवाजही ड्रॅगनवाल्यांसारखा चकचकीत नाही. खरवडलेला, मधल्या पट्टीत राहणारा, वर जाताना कष्ट पडतायत हे लपवत नाही. आपल्याकडे भजनात पिचलेल्या आवाजाचा एक म्हातारा असतो, त्याने अभंग उचलला की मागच्या रांगेतले मोबाइल खाली ठेवतात. त्या जातीचा.

मेटलवाल्यांचा कीबोर्डवर हा राग का, याचा इतिहास मला गमतीचा वाटतो. सत्तरच्या दशकात क्वीनसारखा बँड आपल्या अल्बमांच्या वेष्टनावर अभिमानाने छापायचा की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. साबणाच्या वडीवर 'प्राण्यांची चरबी नाही' लिहितात तसं. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. कारण तेव्हा सांगितलेलं असं: पेटीला मींड नाही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), श्रुती नाहीत (सुरांच्या मधले बारीक सूर), हे परकं यंत्र भारतीय गळ्याला बिघडवतं. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. मींड पेटीतून निघत नाही ती नाहीच, मी सांगते. पण त्या एकतीस वर्षांत घरोघरी, कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेत पेटी वाजतच होती. मेटलवाल्यांचा आक्षेपही याच चालीचा: पट्ट्यांच्या वाद्यात घाम नाही, बोटाला तार कापत नाही, म्हणजे ते खरं नाही.

हा आक्षेप घेणारे एक विसरतात. जड गिटार आणि पट्ट्यांचं वाद्य यांचं लग्न फार जुनं आहे. डीप पर्पल या रॉक बँडमध्ये जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढायचा, म्हणजे ऑर्गनही गिटारसारखाच गुरगुरायचा. त्याच बँडमधला गिटारवाला रिची ब्लॅकमोर १९७५ मध्ये बाहेर पडला आणि त्याने रेनबो काढला. एंजल डस्टने 'बॉर्डर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर रेनबोचं एक गाणं वाजवलंय आणि 'ब्लीड'च्या वेळी आणखी एक. मी याला आपलं घराणं सांगणं म्हणते. गायक मैफलीत गुरूची चीज मुद्दाम घेतो, कुणाकडून आलो ते कळावं म्हणून. थ्रॅशमधून आलेल्या पोरांनी उघड सांगून टाकलं की आमचा दुसरा बाप तिकडचा आहे. नंतर २००२ च्या अल्बमवर त्यांनी अ‍ॅडमस्की आणि सील यांचं १९९० मधलं 'किलर' हे चक्क नाचाचं गाणं वाजवलं, आणि तिथे माझ्या शेजारच्या टेबलाने कपाळाला हात लावला. मला ते आवडतं. पण तो अल्बम एकंदरीत माझा नाही. आउफरमान तोवर बँड सोडून गेला होता, आणि गिटार व कीबोर्ड यांच्यातलं भांडण मिटल्यासारखं वाटतं. भांडण मिटलं की मला चैन पडत नाही.

मग एवढं चांगलं आहे तर कुणाला माहीत का नाही? तुमचा पुढचा प्रश्न हाच असतो. माझा अंदाज असा की हा बँड दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचा हेच ठरलं नाही. थ्रॅशच्या फळीवर ठेवला तर सुरुवातीचा पियानो ऐकून गिऱ्हाईक परत ठेवणार. पॉवर मेटलच्या फळीवर ठेवला तर एकही तलवार नाही, गरुड नाही, सगळी गाणी आतल्या आत कुढणारी. त्यात ऐंशीच्या दशकातले चाहते जुनं मागत होते आणि नव्यांना तो काळ ठाऊक नव्हता. १९९८ ते २००२ या काळात जर्मनीत दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी काढत होतं, त्या गर्दीत मधल्यांना कोण विचारतो. क्रिएटरचं तसं नाही. क्रिएटर म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येतं.

भट्टीवाल्या आजोबांना एकदा जिन्यात मी काय ऐकते ते विचारावंसं वाटलं. मी कानातला एक बोंडू काढून दिला. त्यांनी बराच वेळ ऐकलं, मान जराही न हलवता. मग परत दिला आणि म्हणाले, "ड्रमवाला ठीक आहे." आसमुथला यापेक्षा मोठी पावती मिळाली असेल असं मला वाटत नाही.

बरं, काकू, तुम्ही नंतर स्वयंपाकघरात हळूच विचारलंत की ऐकायचंच झालं तर कुठून सुरू करू. 'ब्लीड'पासून करा. फोनच्या स्पीकरवर नको, कानात घालून. पहिल्या फेरीत गाणारा काय म्हणतो तिकडे लक्ष देऊ नका, ड्रमकडेही नको. मागे जो सूर धरलेला आहे तेवढा शोधा आणि भजनात धरता तसा तोंडातल्या तोंडात धरून ठेवा. बाकीचा दंगा आपोआप त्याच्याभोवती लागतो. एक-दोन आठवड्यांनी 'एनलायटन द डार्कनेस'. काकांना यात ओढू नका, त्यांचा रक्तदाब तुम्हाला माहीत आहे. आणि १९८६ चा अल्बम अगदी शेवटी, तोही माझ्याकडे येऊन, दुपारी दोनच्या आत. आमच्या इमारतीत एक ते तीन शांततेची वेळ असते, पण खालचे आजोबा तेव्हा फिरायला तळ्यावर गेलेले असतात.