वारशाच्या नावाखाली आलेला कागद

बाबा गेल्या आषाढात वारले. आई आधीच गेली होती. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली साडेचार एकर शेती आजोबांपासूनची, उतारा बाबांच्या नावावर. आम्ही तिघं भावंडं: दादा, मी आणि धाकटी. माझं सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. माहेर जवळच, पण तिकडचे कागद सगळे कन्नडात.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "वारसा लावायचाय. आधार आणि दोन-दोन फोटो घेऊन नोंदणी कार्यालयात या दोघी."

गेलो. लिहून देणाऱ्यानं पानं पुढे सरकवली, अंगठ्याची शाई काढली. मी मराठी शाळेत शिकले. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. म्हटलं, आधी वाचून दाखवा. "त्यात काय वाचायचं, वारशाचंच आहे," दादा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. शेवटी बाकावर बसलेल्या एका अनोळखी मुलाला विनंती केली. पहिल्याच ओळीत त्यानं 'हक्कु बिडुगडे पत्र' असं वाचलं. म्हणजे हक्कसोड, आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. बहिणीचा हात धरला आणि बाहेर पडले. बसमध्ये दोघी रडलो. जमिनीपेक्षा दादा खोटं बोलला याचं जास्त लागलं.

आत्या म्हणाली, "भाऊ असताना वाटणी मागतंय कोण गे? मी मागितली काय?" दादाचं म्हणणं वेगळं होतं: तुमची लग्नं १९९४ च्या आधीची, तुम्हाला हक्कच नाही. हे त्यानं हवेतून काढलेलं नव्हतं. कर्नाटकानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली खरंच वगळल्या होत्या.

चंदगडच्या वकिलांनी कागद पाहून सांगितलं, "ताई, जमीन जिथली, कोर्ट तिथलं. खानापूरला जा." वकिलाची फी कुठून आणायची हा घोर होता. तिथं कोर्टाच्या आवारात तालुका कायदे सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्न न विचारता वकील फुकट मिळतो. फोन करायचा असेल तर १५१०० लावायचा. मला हे पन्नाशीत कळलं.

तिथल्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: "वारसा लावायला नोंदणी कार्यालयाचं काय काम?" वारशाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या तिथल्या कार्यालयात द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष. मग नोटीस निघते आणि हरकतीला मुदत मिळते. लग्नाच्या सालाचा मुद्दा त्यांनी दोन वाक्यांत मिटवला. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात लेक जन्मानंच लेकाइतकी वाटेकरी आहे, लग्न कधीही झालेलं असो. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली असती तर गोष्ट वेगळी. आमची कधी झालीच नव्हती. म्हणजे प्रत्येकी दीड एकर.

खरा वेळ गेला नावात. वंशवृक्षात माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, वरून एका कागदावर स्पेलिंग तिसरंच. शाळेचा दाखला, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची बाई एकच असं प्रतिज्ञापत्र, एवढं जोडल्यावर काम पुढं सरकलं. सासरी गेलेल्या प्रत्येकीनं हे तीन कागद एका पिशवीत ठेवावेत.

समितीनं दादाला बोलावलं. तो तिथं पहिल्यांदा मोकळं बोलला. बाबांच्या आजारपणाची दोन वर्षं, दवाखान्याची उसनवारी, सगळं त्यानं एकट्यानं निभावलं होतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. ते खरंच होतं. त्याच्याच तोंडावर मी ते कबूल केलं.

आता उताऱ्यावर तिघांची नावं आहेत. पोटहिस्से पाडायला मोजणी होऊन अकरा ई नकाशा, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा दाखवणारा मोजणीचा नकाशा यायचाय, त्याशिवाय वाटणीपत्र नोंदता येत नाही. गावातलं राहतं घर आम्ही दोघींनी दादाला सोडलं. त्याचं हक्कसोड पत्र त्याच कार्यालयात झालं. या वेळी वकीलबाईंनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. दादा शेजारीच उभा होता. सही करताना माझा हात थरथरला नाही.