बाबांच्या ट्रेडलवरचं खुनाचं गाणं

दारव्हा तालुक्यात, बाजाराच्या गावी, बाबांचा छापखाना होता. एकच ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन. लगीनसराईत पत्रिका, एरवी तेरवीची कार्डं नि पावतीबुकं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला मी दहाव्या वर्षीच शिकलो.

म्हणूनच असेल, जुन्या अमेरिकेतल्या खुनाच्या कवितांचे छापील कागद पाहिले तेव्हा नजर आधी ठशांवर गेली. कितीतरी कागदांवर काळ्या शवपेट्यांची रांग. मेले तितक्या पेट्या. आमचा समईचा ठसा लग्नालाही चालायचा नि तेरवीलाही! आयझाया थॉमस हा स्वतः छापखानेवाला. त्यानं बोस्टनमधून गाण्यांचे असे तीनशेवर कागद विकत घेतले नि १८१४ मध्ये वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी या संस्थेला दिले. साध्या लोकांत काय खपतं, ते पुढच्यांना दिसावं म्हणून.

विल्यम बीडलवरही अशी कविता छापली गेली. कनेटिकटमधल्या वेदर्सफील्डचा हा व्यापारी. स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन मातीमोल होत गेलं, हा तेच घेऊन माल विकत राहिला नि बुडाला. गरिबी चारचौघांत उघडी पडेल, हे त्याला सोसेना. ११ डिसेंबर १७८२ ला त्यानं बायको नि चार मुलं मारली, मग स्वतःवर पिस्तुलं झाडली. यवतमाळ जिल्ह्यात राहून हे वाचवत नाही. बायकोचं नाव लिडिया. ते मला वेगळं शोधावं लागलं.

आमच्याकडेही एक गाणं छापलं होतं. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात एकाचा खून झाला, महिन्याभरात बाजारात गाणारा एक बुवा कागद घेऊन आला. पत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कागदावर पाचशे प्रती. निम्म्या निघाल्या होत्या तेव्हा मेलेल्याची बायको दारात आली.

"वाचून दाखवा, भाऊ."

बाबांनी वाचलं. ती खाली बसून ऐकत होती.

"हे नाव माह्या मालकाचं नाही."

खरंच नव्हतं. यमकासाठी बुवानं चार अक्षरांचं तीन अक्षरी केलं होतं. बाबांनी मशीन थांबवलं, चिमट्यानं खिळे काढले, खरं नाव बसवलं. ओळ लांबली, यमक गेलं. बुवा चिडला. बाजारात तो जुनंच गात राहिला, विकत मात्र दोन्ही होता.

तिनं दुरुस्त कागदांतला एक घेतला. बाबांनी पैसे घेतले नाहीत.